नाव आपलं, पत्ता कुणाचा?

रमजानला पंधरा दिवस राहिले होते. रात्री दहाच्या सुमारास मामूंचा फोन आला. मामू फोनवर फार बोलत नाहीत, जे काही असेल ते समोर बसून, चहा मागवून बोलतात. त्या रात्री सलाम झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपल्या दुकानाच्या नावावर कुणीतरी जुगार चालवतंय. उद्या येऊन जा."

मामूंचा गाळा जोगेश्वरी पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आहे. जुन्या सागवानी कपाटांना पॉलिश, सोफ्याची दुरुस्ती, ऑर्डर आली तर नवा पलंग किंवा टेबल. तीस वर्षं हेच काम. ईदच्या आधीचे दोन महिने त्यांच्या हाताला उसंत नसते, कारण पाहुणे येणार म्हणून प्रत्येक घराला आपला सोफा नवा करून हवा असतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मामू खुर्चीवर मोबाईल घेऊन बसले होते. मुलुंडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना स्क्रीनशॉट पाठवला होता. या घरासाठी मामूंनी कधीकाळी सागवानी देव्हारा करून दिला होता. आता त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी पलंग हवा होता, म्हणून त्यांनी जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा वेबसाईटचा पत्ता टाकला. समोर पत्ते, फिरती चक्रं आणि 'आजच जिंका' उघडलं. खाली त्यांचा साधा प्रश्न होता, "हाजीसाहेब, हे काय?"

मामू मला म्हणाले, "ते लोक चांगले म्हणून त्यांनी विचारलं. ज्यांनी विचारलं नाही, ते काय समजले असतील?"

झालं असं होतं. २०१६ साली मोहल्ल्यातल्या एका मुलाने मामूंना वेबसाईट करून दिली होती. पाच हजार रुपये घेतले, चार फोटो टाकले, फोन नंबर टाकला, शेवटी डॉट कॉम. मामूंना फार आनंद झाला होता. त्यांनी तो पत्ता गाळ्याच्या पाटीवर रंगवून घेतला, टेम्पोच्या मागे लिहून घेतला, हजारभर कार्डं छापली. मुलगा कामाला चोख होता. फक्त ते नाव त्याने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून नोंदवलं होतं. पुढे तो आखातात गेला, नंबर बदलला, ईमेल बदलला. दरवर्षी नूतनीकरणाची आठवण करून देणारं पत्र त्या जुन्या ईमेलवर येत राहिलं. एका वर्षी कुणी पैसे भरले नाहीत. मुदत संपल्यावर काही आठवड्यांची सवलत असते, तीही उलटली. नाव मोकळं झालं आणि कुणीतरी उचललं.

अशी जुनी, वापरातली नावं टिपणारे लोक जगभर बसलेले असतात. ज्या नावाला शोधयंत्रं ओळखतात आणि ज्यावर लोक अजून येत राहतात, त्याला बाजारात भाव असतो. जुगारवाल्यांना तर ती फारच आवडतात.

मी हे सगळं समजावून सांगितल्यावर मामूंनी विचारलं, "म्हणजे नाव माझं कधी नव्हतंच?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. खरं सांगायचं तर नव्हतं. इंटरनेटवरचं नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. मुंबईकराला हे समजायला कठीण नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असतो, तसाच हा करार, फक्त एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतचा. करार ज्याच्या नावावर, घर त्याचं. मामूंच्या बाबतीत भाडं त्यांनी दिलं होतं आणि करारावर सही त्या मुलाची होती.

"दाद कुठे मागायची?" हा मामूंचा दुसरा प्रश्न. तिथे खरी अडचण सुरू झाली. डॉट कॉमची सगळी नोंदवही व्हेरिसाईन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते. नावावरून भांडण झालं, तर आंतरराष्ट्रीय नियमांखाली तक्रार करता येते. अशा तक्रारी ऐकणारी सर्वांत परिचित संस्था जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना. तिथे एका पंचासमोर प्रकरण न्यायचं तर फी दीड हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. वर वकील. शिवाय मामूंकडे ट्रेडमार्क नाही, म्हणजे हे नाव आपलंच होतं हे सिद्ध करण्यापासून सुरुवात.

मामू हसले. म्हणाले, "सव्वा लाखात मी एका मुलीच्या लग्नाचं सगळं फर्निचर करून देतो."

मग आम्ही शोधलं. तेच नाव डॉट इनमध्ये रिकामं होतं. खर्च वर्षाला हजार रुपयांच्या आत. मी म्हटलं, "मामू, हेच घेऊ. तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर."

विरोध मामूंनी नाही, मामेभावाने केला. तो कॉमर्सचा पदवीधर, गाळ्याचा हिशेब तोच पाहतो. त्याचं म्हणणं, "डॉट इन म्हणजे लोकल वाटतं. डॉट कॉम म्हटलं की मोठी कंपनी वाटते."

हे फक्त त्याचं मत नाही. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फिरा, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गावरची हार्डवेअरची, ग्रॅनाईटची दुकानं बघा. ज्यांच्या पाटीवर वेबसाईट आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांचं शेपूट डॉट कॉम. ज्याचं सगळं गिऱ्हाईक कुर्ला ते ठाणे एवढ्यातच आहे, तोही डॉट कॉम. आता उलटी बाजू पाहा. अमेरिकेतली ॲमेझॉन २०१३ साली भारतात दुकान थाटायला आली, तेव्हा तिने नाव घेतलं ॲमेझॉन डॉट इन. गुगलने आपल्यासाठी को डॉट इन वापरलं. परदेशातली कंपनी इथली दिसावी म्हणून डॉट इन लावते आणि जोगेश्वरीचा सुतार बाहेरचा दिसावा म्हणून डॉट कॉम लावतो. मी हे मामेभावाला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

पण ही सवय लागली कुठून? त्याचं उत्तर आमच्या ओशिवऱ्यापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर आहे. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी नावाची संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून ती १९८५ साली वेगळी झाली. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख होते. भारतातल्या शिक्षणसंस्थांना जोडणारं अर्नेट नावाचं जाळं १९८६ पासून उभं राहिलं, त्यात ही जुहूची संस्था आघाडीवर होती. रमणी यांचं नाव २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

८ मे १९८९ रोजी भारताला डॉट इन मिळालं आणि त्याची नोंदवही जुहूच्या याच संस्थेकडे राहिली. म्हणजे भारताच्या नावाचं इंटरनेटवरचं ऑफिस आपल्या उपनगरात होतं. सिनेमावाल्यांच्या बंगल्यांसाठी जुहू सगळ्यांना माहीत आहे, पण ही गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यात मुंबई पहिल्या शहरांपैकी होती. ज्यांनी तेव्हा कनेक्शन घेतलं, त्यांना आपला तो लांबलचक ईमेल पत्ता आठवत असेल. शेवटी व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन असायचं. पुढे तेच व्हीएसएनएल डॉट कॉम झालं. सरकारी कंपनीलासुद्धा डॉट कॉमचा मोह पडला, तिथे सुताराला काय दोष द्यायचा?

पण सगळा दोष मोहाचाही नाही. त्या काळात डॉट इन मिळवणं सोपं नव्हतं. नियम कडक होते, कागदपत्रं लागत. थेट डॉट इन मिळत नसे, को डॉट इनसारखी उपनावं मिळत. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत मिळून सुमारे ७,००० नावं नोंदली गेली. एवढ्या मोठ्या देशात सात हजार! आणि नेमक्या याच काळात, १९९९-२००० च्या सुमाराला, जगभर डॉट कॉमची लाट आली. ज्याला वेबसाईट हवी होती, त्याने जे दार उघडं दिसलं त्यातून प्रवेश केला. ते दार डॉट कॉमचं होतं.

मग नियम बदलले. नोंदवही निक्सी या बिनानफा कंपनीकडे गेली. ही कंपनी २००३ साली स्थापन झाली होती. १६ फेब्रुवारी २००५ पासून डॉट इन सर्वांसाठी खुलं झालं. आधी येईल त्याला आधी. २०११ पर्यंत आकडा दहा लाखांच्या वर गेला, आता तो चाळीस लाखांच्या आसपास आहे. ऐकायला मोठं वाटतं. पण आठ कोटींच्या जर्मनीत डॉट डीईची नावं १ कोटी ७० लाखांहून जास्त आहेत. तिथला बेकरीवाला, प्लंबर, न्हावी डॉट डीई लावतो आणि त्याला त्यात लोकल असल्याची लाज वाटत नाही. दहा वर्षांत एकदा लागलेली सवय पुढची वीस वर्षं सुटत नाही, एवढंच आपल्याकडे झालं आहे.

अंधेरी-पवईकडच्या नव्या कंपन्यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. कुणी डॉट को घेतं, कुणी डॉट आयओ, कुणी डॉट एआय. को म्हणजे कोलंबिया. एआय म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं अँग्विला नावाचं इवलंसं बेट, ज्याच्या तिजोरीत या दोन अक्षरांमुळे पैसा वाहतो आहे. आणि आयओ म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, अर्थात चागोस बेटं. तिथल्या लोकांना १९६८ ते १९७३ च्या दरम्यान हुसकावून लावलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. त्या लोकांना आपल्या बेटावर घर उरलं नाही, पण बेटाचं नाव जगभरच्या कंपन्यांच्या पत्त्यावर झळकत राहिलं.

ही दोन अक्षरं किती मोलाची असतात, हे ज्यांच्याकडे देश नाही त्यांना विचारावं. पॅलेस्टाईनला डॉट पीएस २२ मार्च २००० रोजी मिळालं. नकाशांवर वाद होता, सीमांवर वाद होता, आजही आहे. पण इंटरनेटच्या यादीत रामल्लाहच्या दुकानदाराला आपल्या मातीचा पत्ता लिहिण्याची सोय झाली. आपल्याला ती सोय १९८९ पासून आहे. म्हणून बहुधा तिची किंमत नाही.

मामेभावाचा दुसरा आक्षेप मात्र हलका नव्हता. तो म्हणाला, "भाई, सरकारच्या हातात आपलं नाव कशाला द्यायचं? आज जे चाललंय ते बघताय ना?"

तो काय म्हणतोय ते मला कळलं आणि वाचकांनाही कळलं असेल. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाद्यविक्रेत्यांनी मालकाचं नाव लावावं, असे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना स्थगिती दिली. पण नाव ही गोष्ट आपल्यासाठी किती नाजूक झाली आहे, ते त्या चार दिवसांत दिसलं. त्याच्या गाळ्याचं नाव वाचून धर्म कळत नाही, मालकाचं नाव वाचून कळतो. त्याची भीती मी हसण्यावारी नेली नाही.

मी त्याला जे सांगितलं, ते इथे मांडतो.

डॉट कॉम घेतलं म्हणजे सरकारच्या हाताबाहेर गेलो, असं होत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार कुठलीही वेबसाईट भारतात बंद करू शकतं, तिचं शेपूट कोणतंही असो. वर डॉट कॉमला अमेरिकेचा कायदा लागू होतो, तो वेगळा. तिथल्या यंत्रणांनी न्यायालयाच्या आदेशाने डॉट कॉमची नावं जप्त केल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे डॉट कॉमवाल्याला दोन सरकारं आणि डॉट इनवाल्याला एक. हे खरं की डॉट इनचं नाव मुळापासून बंद करणं इथल्या यंत्रणेला जास्त सोपं आहे. जो माणूस सत्तेविरुद्ध लिहितो, त्याने आपला पत्ता कुठे घ्यावा याचा वेगळा विचार करावा. पण जो सोफा दुरुस्त करतो, त्याच्यासमोरचा धोका वेगळा आहे. त्याचं नाव सरकार नेत नाही. कुणीतरी अनोळखी जुगारवाला नेतो, आणि मग दाद मागायला जिनिव्हा गाठावं लागतं.

डॉट इनच्या भांडणासाठी निक्सीची स्वतःची पद्धत आहे. लवाद नेमला जातो आणि तो भारताच्या १९९६ च्या लवाद कायद्याखाली निर्णय देतो. ही वाटही फुकट नाही आणि झटपट नाही. पण फी रुपयांत, कायदा आपला, वकील इथला, आणि निकाल पटला नाही तर कोर्ट इथलंच. आपण ज्या देशात कर भरतो, मत देतो आणि ज्याच्या कोर्टात आपले वडील-आजोबा खेटे घालत आले, तिथे भांडायची आपल्याला सवय आहे. इथे न्याय मिळायला उशीर होतो, कधी मिळतही नाही. पण मागायचा कुठे हे तरी माहीत असतं. मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली, जी मामूंना जास्त भिडली. माझं लग्न ठरलं तेव्हा आम्ही मुलुंड आणि बोरिवलीत भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. नाव सांगितलं की सोसायटीचा नियम आठवायचा. एका दलालाने तर प्रेमाने सल्ला दिला, "तुम्ही तुमच्या लोकांच्या एरियात बघा ना, तिथे लगेच मिळेल." मुंबईच्या उपनगरात घर शोधलेल्या कुठल्याही मुसलमानाला ही कथा नवी नाही. मामूंनी तेव्हाच मला जोगेश्वरीत घर पाहून दिलं होतं.

डॉट इन घेताना नाव भरलं, पत्ता भरला, फोन भरला. ओळख पटवायची पाळी आली तर कागद दाखवावे लागतात, तेही सगळ्यांना सारखेच. पण कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण, काय खाता, घरी किती माणसं येतात. जे नाव रिकामं होतं ते मिळालं, कारण आम्ही आधी आलो. भारताच्या नावाखाली एक जागा आमच्या नावावर लागली. मामू स्क्रीनकडे बघत म्हणाले, "इतकंच?" मी म्हटलं, "इतकंच."

हा काही भेदभावावरचा इलाज नाही, हे मला कळतं. हजार रुपयांच्या वेबसाईटने सोसायटीचं गेट उघडत नाही. पण आपल्यापैकी काहींनी मनातल्या मनात एक पाऊल मागे घेतलं आहे, आणि देशाचं नाव दिसलं की ते आपल्यासाठी नसावं असं धरून चालतात, त्यांना मी एवढंच सांगेन की ही जागा आपलीही आहे. ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. जुहूच्या त्या ऑफिसात जेव्हा भारताचं नाव नोंदलं गेलं, तेव्हा त्यात ओशिवऱ्याचे सुतार आलेच होते.

आता भरवशाबद्दल. डॉट इन म्हणजे प्रामाणिक असं अजिबात नाही. ठगही डॉट इन घेतात. पण शेपटाकडे बघण्याची सवय लोकांना लागायला हवी, असं आता रिझर्व्ह बँकेलाही वाटतं. फसव्या साईटींचा त्रास वाढल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत तिने बँकांसाठी बँक डॉट इन हे राखीव शेपूट जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिथे जायला सांगितलं. ते नाव फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून मिळतं, ऐऱ्यागैऱ्याला घेता येत नाही. देशातल्या बँका डॉट इनवर येत असतील, तर उद्या गिऱ्हाइकाची नजरही डॉट इनला सरावेल. आमच्या मामूंसारख्यांना त्याचा फायदा होईल.

आमच्या धर्मात व्यापाराला मान आहे. पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः व्यापार करत आणि पैगंबरी मिळण्याआधीच मक्केचे लोक त्यांना अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत. लोक आपल्या अमानती त्यांच्याकडे ठेवत. दुकानाचं नाव हीसुद्धा गिऱ्हाइकाने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, असं मामू म्हणतात. मुलुंडच्या त्या बाईंनी कार्ड इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्यावरच्या पत्त्यावर त्यांना जुगार दिसावा, याचं दुःख मामूंना पैशाच्या नुकसानीपेक्षा जास्त झालं.

पाटीचाही एक मजेशीर भाग सांगतो. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम २०२२ च्या कायदेबदलाने आणखी पक्का झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मामूंची पाटी आधीपासून मराठीत होती. नाव देवनागरीत आणि त्याखाली इंग्रजीत वेबसाईट. मामूंनी विचारलं, "पत्ताही मराठीत होतो का?"

होतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून डॉट भारत देवनागरीत मिळतं. मराठी, हिंदी, कोकणीसह आठ भाषांना ते चालतं. उर्दू लिपीतही भारत लिहिलेला पत्ता आहे. म्हणजे 'अमुक फर्निचर डॉट भारत' असा अख्खा पत्ता मराठीत लिहिता येतो. पण मामूंना मी ते मुख्य नाव म्हणून घ्यायला सांगितलं नाही. संगणक आतून तो पत्ता इंग्रजी अक्षरांच्या एका विचित्र मालिकेत बदलून वाचतो, आणि कधीकधी तीच मालिका बाहेरही दिसते. अनेक फॉर्म असा ईमेल पत्ता घेत नाहीत. शिवाय 'फर्निचर'मधली 'नि' ऱ्हस्व की दीर्घ, यावर गिऱ्हाईक चुकलं की गेलं. कोकणातल्या आमच्या गावच्या शाळेत शुद्धलेखनात सगळेच नापास व्हायचे. म्हणून डॉट इन आधी आणि हौस म्हणून, पैसे असतील तर, डॉट भारत जोडीला. दोन्ही एकाच साईटवर नेता येतात.

ज्यांचा धंदा आखाती देशांत किंवा युरोपात जातो, त्यांनी डॉट कॉमही ठेवावं. माझं डॉट कॉमशी वैर नाही. जगभरात त्याची पंधरा कोटींहून जास्त नावं आहेत, ती उगीच नाहीत. पण ज्याचं गिऱ्हाईक अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडचं आहे, त्याने पहिलं नाव डॉट इन घ्यावं आणि ते पुढील काळजी घेऊन घ्यावं.

नाव स्वतःच्या किंवा फर्मच्या नावावर नोंदवा, वेबसाईट करणाऱ्याच्या नाही. तो कितीही सज्जन असो, भाचा असो की जावई. ईमेल असा द्या जो तुम्ही स्वतः उघडता. पासवर्ड घरात दोन माणसांना माहीत असू द्या, कारण मौत कुणाला सांगून येत नाही आणि वारसांना नंतर काहीच सापडत नाही. माहिती खरी भरा. डॉट इनमध्ये दुसऱ्याच्या नावाआड लपण्याची सेवा चालत नाही आणि खोटी माहिती सापडली तर नाव जाऊ शकतं. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर गाळ्याचा द्या. जमलं तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरा. आणि सोशल मीडियावरचं पान असेल तर असू द्या, पण त्याला घर समजू नका. ते दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान आहे. ओट्याचा मालक कधी उठवेल सांगता येत नाही.

मामूंनी नवी पाटी रंगवून घेतली. टेम्पोच्या मागचं जुनं नाव त्यांनी स्वतः सँडपेपरने घासून काढलं. कारागीर म्हणाला मी करतो, तर त्याला करू दिलं नाही. मुलुंडच्या बाईंना त्यांनी फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. बाई म्हणाल्या, "अहो, तुमची काय चूक?" आणि पलंगाची ऑर्डर दिली. ईदच्या आधी तो पलंग मुलुंडला पोचला.

मामूंच्या गल्ल्यात एक जाड वही असते. गाळ्याचं भाडं, लाकडाचे पैसे, कारागिरांची उचल, जकातीचा हिशेब, सगळं तिच्यात. परवा मी ती सहज चाळली. शेवटच्या पानावर मामूंच्या हस्ताक्षरात नूतनीकरणाची तारीख लिहिली होती, त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, 'नाव माझं आहे'.

आपल्या दुकानाचं, क्लासचं, दवाखान्याचं, संस्थेचं नाव कुणाच्या खात्यात आहे, हे आज घरी गेल्यावर एकदा बघा. ज्याने करून दिलं त्याला फोन लावा. तो फोन उचलतोय तोवरच.